सोमलाची कीर्द

तासगावात आमचं किराणा-बेदाण्याचं दुकान आहे. रात्री शटर ओढायच्या आधी कीर्द लिहायची, ही वडिलांनी लावलेली सवय. २०२२ च्या ऑगस्टात, गौरी-गणपती तोंडावर आलेले असताना, बायकोला एपीएल, म्हणजे एका प्रकारचा रक्ताचा कॅन्सर, निघाला. पुढचे आठ महिने दुकानाची कीर्द भावानं लिहिली आणि मी पुण्यात बसून दुसरी लिहिली. तिच्यात रोजचं वजन, पोटॅशियम, ईसीजीचा आकडा, बाटली किती वाजता लागली, किती वाजता सुटली. बाटलीतलं औषध होतं आर्सेनिक ट्रायऑक्साइड. आपल्याकडं त्याला सोमल म्हणतात.

होय, तोच. वाड्यातल्या भाऊबंदकीच्या गोष्टींत दुधात कालवला जायचा तो सोमल. तो रोज माणसाच्या शिरेत सोडायचा म्हणजे काय, हे पचायला मला चार दिवस लागले.

त्यानंतर ओळखीपाळखीतून फोन येत राहिले. "तुमच्याकडं झालं होतं ना, काय काय करायचं सांगा." प्रत्येकाला तेच सांगतो, म्हणून एकदा लिहून ठेवतोय. हे पेशंटच्या उशाशी स्टुलावर बसणाऱ्या माणसासाठी आहे. डोस किती, कधी थांबवायचा, हे डॉक्टरचं काम; त्यात नाक खुपसायचं नाही. पण ते बारा-पंधरा पेशंट बघतात, आपण एकच. आपल्याला जे दिसतं ते लिहून त्यांच्यापुढं ठेवणं, एवढंच आपलं काम.

नक्की झालंय काय

रक्ताच्या कॅन्सरचा एएमएल म्हणून एक प्रकार आहे, त्यातला हा पोटप्रकार. एएमएलच्या शंभर पेशंटांत साधारण पाच ते दहा जणांना असतो. १५ आणि १७ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात, त्यातून पीएमएल-रारा नावाचं एक भलतंच प्रोटीन तयार होतं, आणि पांढऱ्या पेशी मोठ्या व्हायच्या आधीच अडकून बसतात. चौथीतली पोरं पाचवीत जाईनात आणि वर्ग नुसता भरत चालला, तसं. १९५७ मध्ये नॉर्वेच्या हिलेस्टाड नावाच्या डॉक्टरांनी या आजाराचं पहिल्यांदा वेगळं वर्णन केलं, तेव्हा त्यांचे पेशंट काही आठवड्यांतच गेले होते.

उपाय पूर्वेकडून आला. १९७० च्या दशकात चीनमधल्या हार्बिन शहरात झांग तिंगदोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावठी औषधातला सोमल शुद्ध करून इंजेक्शनातून दिला. १९८५ मध्ये शांघायच्या वांग झेन्यी यांनी एका लहान मुलीला एट्रा नावाचं औषध दिलं. ते अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं. ही दोन्ही औषधं त्या बिघडलेल्या प्रोटीनलाच धरतात, एट्रा रारा-च्या बाजूनं आणि सोमल पीएमएल-च्या बाजूनं. प्रोटीन मोडलं की अडकलेल्या पेशी मोठ्या होतात आणि आपल्या वेळेला मरतात. अमेरिकेत सोमलाला २००० साली परवानगी मिळाली. आपल्याकडं वेल्लोरच्या सीएमसीतल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये ७२ पेशंटांचा अनुभव छापला, त्यांना पहिल्यापासून मुख्य औषध म्हणून सोमलच दिलेला. मग २०१३ मध्ये इटली-जर्मनीच्या डॉक्टरांनी दोन्ही औषधं एकत्र देऊन पाहिली. सुरुवातीला पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या आत असलेल्या पेशंटांत, दोन वर्षांनी शंभरातले ९७ जण कोणत्याही धक्क्याशिवाय ठीक होते. जुन्या पद्धतीच्या किमोवर हा आकडा ८६ होता.

पेशी दहा हजारांच्या वर असतील तर डॉक्टर आणखी एखादं किमोचं औषध जोडतात. आमच्या घरी २,१०० होत्या, त्यामुळं ही दोनच औषधं. डोक्यावरचे केस शाबूत राहिले. गावाकडच्या एका आत्याबाईंना त्यामुळं शेवटपर्यंत वाटत होतं, की हा कॅन्सर नसून काहीतरी वेगळं आहे आणि आम्ही सांगत नाही आहोत.

पहिले दहा दिवस

इथं कॅन्सर मारत नाही, रक्तस्राव मारतो. हे कुणी मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

हिच्या हातावर साखरेचं पोतं सरकवताना काळंनिळं पडलं, ते मी दुकानातलंच म्हणून सोडून दिलं. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त. मग पाळी अकरा दिवस थांबेना. गावात एका ठिकाणी लोहाच्या गोळ्या मिळाल्या आणि त्यात आमचे सहा दिवस गेले. शेवटी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, केली तेव्हा प्लेटलेट १४ हजार. अंगावर विनाकारण डाग, हिरड्या किंवा नाक, आणि लांबलेली पाळी, ही तिन्ही एकत्र दिसली तर गोळ्या घेऊन घरी येऊ नका. त्याच दिवशी सीबीसी करा आणि पेशी बघून रिपोर्ट द्यायला सांगा.

मोठ्या हॉस्पिटलात गेल्यावर जनुकांचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. पण एट्राच्या गोळ्या डॉक्टर नुसत्या संशयावर, त्याच संध्याकाळी सुरू करतात. "रिपोर्टच आला नाही आणि औषध कसं?" म्हणून मी भांडायला निघालो होतो. भांडू नका. हेच बरोबर आहे. गोळ्या सुरू झाल्या की रक्त गोठायची गडबड आवरायला लागते.

तोवर रक्तपेढी हे तुमचं दुसरं घर. प्लेटलेट तीस ते पन्नास हजारांच्या वर ठेवायच्या म्हणतात. फायब्रिनोजेन नावाचं रक्त गोठवणारं एक प्रोटीन असतं, ते दीडशेच्या आसपास राहिलं पाहिजे; हिचं ९२ होतं. त्यासाठी क्रायो आणि प्लाझ्मा, हे रक्तातलेच गोठवणारे घटक, चढवतात.

इथं आमची एक फजिती सांगतो. मी तालमीतल्या पोरांना फोन केला आणि रात्री दोन जीप भरून अकरा पोरं पुण्याला आली. सगळी धिप्पाड, सगळी रडवेली, "काका, माझ्यातलं सगळं काढून घ्या" म्हणणारी. रक्तपेढीच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की प्लेटलेट फार तर पाच दिवस टिकतात. आज अकराही जणांच्या काढल्या तर सात वाया जातील, आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही पुन्हा डोनर शोधत फिराल. मग वही काढली. दोन-दोन पोरं, एक दिवसाआड. ज्यानं तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन किंवा अंगदुखीची गोळी घेतलीय तो बाद. एकानं आदल्या रात्री कुस्तीनंतर खाल्लेली, तो आठवड्यानं आला. सिंगल डोनर प्लेटलेट म्हणजे एका माणसाला मशीनवर तासभर ते दीड तास बसवतात, हाताची शीर जाड लागते. पैलवानांच्या शिरा बघून बाई खूश होत्या.

या दिवसांत दंडात-कमरेत इंजेक्शन नाही, दात काढणं नाही, मऊ ब्रश, कुंथायला लागू नये म्हणून पोट साफ राहील असं औषध. बायकांच्या बाबतीत पाळीची तारीख पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, ती थांबवायची गोळी देतात. हे बोलायला हिला माझ्यासमोर संकोच आणि मला डॉक्टरांसमोर, त्यात एक दिवस गेला. आणि डोकं अचानक जोरात दुखलं, बोलणं अडखळलं, एका डोळ्यानं अंधुक दिसलं, तर सकाळच्या राउंडची वाट न बघता सिस्टरला हलवून उठवा.

वजनाचा काटा

माझ्या अख्ख्या वहीत सगळ्यात कामाचं काही निघालं असेल तर वजन.

औषध चालू झाल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत एक गोष्ट होऊ शकते, तिला डॉक्टर डिफरन्शिएशन सिंड्रोम म्हणतात. अडकलेल्या पेशी एकदम मोठ्या होऊन बाहेर पडतात आणि अंगात, फुप्फुसात पाणी धरायला लागतं. ताप, धाप, पायांवर सूज, रक्तदाब खाली. वेळेत कळलं तर डेक्सामेथासोनच्या इंजेक्शनांनी आवरतं. उशीर झाला तर आयसीयू.

वॉर्डात वजन घ्यायची पद्धत होती. पण कधी सकाळी, कधी जेवल्यावर, कधी पलीकडच्या वॉर्डातल्या काट्यावर. मी दुकानदार माणूस. दोन काटे कधी एक बोलत नाहीत, हे मला तिसरीत असल्यापासून माहीत. बेदाण्याच्या सौद्यात पन्नास ग्रॅमवरून भांडणं झालेली मी पाहिलीत. त्यामुळं मी ठरवून टाकलं: काटा एकच, कॉरिडॉरच्या टोकाचा. वेळ सकाळी साडेसहा, संडास-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी. अंगावर तोच हॉस्पिटलचा झगा, पायात चपला नाहीत. चढायच्या आधी काटा शून्यावर आहे का बघायचं.

सहाव्या दिवसापासूनचे आकडे असे आहेत: ५४.२, ५४.३, ५४.१, ५४.९, ५६.०.

शेवटचा आकडा बघितला तेव्हा ही म्हणाली, "अहो, काल शिरा खाल्ला म्हणून असेल." शिऱ्यानं दोन दिवसांत एकोणीसशे ग्रॅम चढत नाही. पोत्यात पाणी मुरलं की वजन असं चढतं. घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा राहिला. रात्री ती दोन उशा घेऊन झोपली होती, तेही तेव्हा आठवलं. आडवं पडलं की दम लागत होता, पण कुणाला बोलली नव्हती. वही घेऊन ड्युटीवरच्या डॉक्टरांकडं गेलो. पोरगेलाच डॉक्टर, रात्रभर जागलेला. त्यानं पाच आकड्यांवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता उठला. छातीचा एक्स-रे, ऑक्सिजनचं बोटाला लावायचं यंत्र, आणि तासाभरात डेक्साचं पहिलं इंजेक्शन. सोमल दोन दिवस थांबवला, मग पुन्हा सुरू केला. चौथ्या दिवशी वजन ५४.४.

तर तुम्ही इतकंच करा. काटा बदलू देऊ नका, वेळ बदलू देऊ नका. रोज एकाच जागी दाबून सूज बघा. उशा मोजा. दोन दिवसांत किलोभर चढलं, की राउंडपर्यंत थांबायचं नाही.

याच दिवसांत आणखी एक भीती वाटते, ती सांगून ठेवतो. पांढऱ्या पेशी वाढतात. आमच्या २,१०० वरून १८ हजारांवर गेल्या. मी रिपोर्ट हातात धरून जिन्यात बसलो, म्हटलं संपलं, औषध चाललंच नाही. तसं नसतं. वर्गात अडकलेली पोरं एकदम बाहेर पडतायत, म्हणून आकडा फुगतो. डॉक्टर हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या देऊन तो खाली आणतात. आमचा बारा दिवसांत चार हजारांवर आला.

बाटली

अँप्यूल काचेची, आत १० मिलिलिटर, दहा मिलिग्रॅम. पाण्यासारखं स्वच्छ, ना रंग ना वास. डोस किलोमागं ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे ५४ किलोला ८.१. उरलेलं १.९ फेकून देतात. मी विचारलं, उद्याला चालणार नाही का? सिस्टर हसल्या. त्यात टिकवायचं काही घातलेलं नसतं, उघडलं की संपलं. धंद्यातल्या माणसाचं मन दुखतं, पण ते दुखू द्यावं.

सलाईनमध्ये मिसळून एक ते दोन तासांत सोडतात. चेहरा लाल झाला, गरगरलं, तर चार तासांपर्यंत लांबवतात. डे-केअरमध्ये, म्हणजे बाटली लावून त्याच दिवशी घरी सोडतात त्या वॉर्डात, मी बघितलंय, नातेवाईक एसटी चुकेल म्हणून गुपचूप सलाईनचं चाक फिरवून वेग वाढवतात. त्या चाकाला हात लावायचा नाही. एसटी पुढचीही असते.

एट्राच्या गोळ्या दहा मिलिग्रॅमच्या. हिला सकाळी चार, रात्री तीन, जेवणाबरोबर. ताटात थोडं तूप-तेल असलं की अंगी लागतात, म्हणून या गोळ्यांपुरतं आमचं पथ्य सुटलं. ओठ फुटतात, त्याला खोबरेल. डोकं दुखतं. नुसतं दुखलं तर सांगायचं. दुखून उलटी झाली किंवा दोन-दोन दिसलं तर लगेच सांगायचं, मेंदूभोवतीचा दाब वाढलेला असू शकतो. अ जीवनसत्त्व असलेली टॉनिकं, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सगळ्या बंद. आणि वयात असलेल्या जोडप्यांनी नीट ऐका: या औषधांवर दिवस राहता कामा नयेत. एट्रा पोटातल्या बाळाला फार घातक. औषध संपल्यावरही किती महिने काळजी घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

हृदयाचा हिशेब

सोमल हृदयाच्या विजेत लुडबुड करतो. ईसीजीवर क्यूटीसी नावाचा आकडा असतो, मिलिसेकंदात. तो पाचशेच्या वर गेला तर ठोके बेताल होऊन जीव जाऊ शकतो, म्हणून आठवड्यातून दोनदा तरी ईसीजी. पोटॅशियम चारच्या वर आणि मॅग्नेशियम १.८ च्या वर ठेवतात. लॅबच्या कागदावर ३.६ पोटॅशियमसमोर "नॉर्मल" छापलेलं असतं. तुमच्या पेशंटला ते नॉर्मल नाही. हे मी तीन जणांना फोनवर सांगितलंय आणि तिघांच्याही रिपोर्टावर कुणी खूण केलेली नव्हती.

पोटॅशियमचं सिरप मिळतं. खारट-कडू, तोंड वाकडं होतं. अर्ध्या पेल्यात पाणी घालून, जेवणानंतर, हळूहळू. नुसतं प्यायलं तर पोटात आग पडते. शहाळं, केळी, आणि आमच्या तासगावचे बेदाणे, यांतही पोटॅशियम असतं. मी खिशात पुडी ठेवायचो आणि हिला बाटली चालू असताना एकेक देत बसायचो. पण त्यानं सिरपचं काम होत नाही, आणि किडनीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही वाढवू नये. जुलाब, उलटी झाली की त्या दिवशीच कळवायचं, कारण पोटॅशियम तिथूनच जातं. संकष्टीला ही अडून बसली होती. मी म्हटलं, अगं, गणपतीला मी सांगतो, तू जेव.

आता माझी चूक. औषधाच्या दुसऱ्या फेरीला, म्हणजे सायकलला, डिसेंबरात, हिला आंबट ढेकर यायला लागले. रात्री नऊला खोलीजवळच्या मेडिकलमधून मी ॲसिडिटीची कॅप्सूल आणली, आपण सगळे आणतो तीच, पँटोप्राझोलबरोबर डोमपेरिडोन असलेली. दोन दिवस दिली. गुरुवारी ईसीजी काढला तर क्यूटीसी ४८६. एरवी ४३० ते ४४५ च्या मध्ये असायचा. पोटॅशियम ३.४. त्या दिवशी बाटली लावली नाही. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "घरी काय दिलंत?" मी खिशातनं पाकीट काढलं. त्यांनी उलटं करून मागची बारीक अक्षरं मलाच वाचायला लावली. डोमपेरिडोन क्यूटीसी वाढवतं. आणि पँटोप्राझोलसारखी औषधं खूप दिवस चालली तर मॅग्नेशियम उतरतं.

तेव्हापासून एक चिठ्ठी पाकिटात आहे, अजूनही. डोमपेरिडोन. उलटीचं ऑन्डान्सेट्रॉन. ॲझिथ्रोमायसिन. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन. फ्लुकोनाझोल. खाजेचं हायड्रॉक्सिझिन. मलेरियाचं क्लोरोक्विन. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या. यातलं एखादं डॉक्टर स्वतः देतील, ईसीजी बघून देतील, ते त्यांचं. आपण मेडिकलमधून, किंवा गावच्या डॉक्टरांकडून सर्दी-जुलाबावर, हे उचलायचं नाही. चिठ्ठीची एक प्रत घराजवळच्या दवाखान्यात देऊन ठेवा.

आणि पाहुण्यांचे सल्ले. एक मामा म्हणाले, "लॉकडाऊनमध्ये होमिओपॅथीच्या आर्सेनिक अल्बमच्या गोळ्या वाटल्या होत्या, त्याच की या, मग एवढं सलाईन कशाला?" नाव एक, बाकी काही एक नाही. दुसऱ्यानं एका वैद्यांचा पत्ता आणला, ते हरताळ, सोमल शोधून देतात म्हणे. हरताळ, मनशीळ, सोमल, तिघांतही आर्सेनिकच. शिरेतून मोजून जाणाऱ्या आर्सेनिकच्या वर पोटातून न मोजलेलं घातलं तर हिशेब कुणाच्याच हातात राहत नाही. चीनमध्ये मनशिळीचं तोंडानं घ्यायचं औषध आहे, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासून दिलेलं. पुडी बांधून मिळणारं नव्हे. मी वैद्यांना नावं ठेवत नाही. या आठ महिन्यांत दुसरं काहीही नको, एवढंच सांगतो.

सायकली, खोली, पैसे

पहिला टप्पा बोन मॅरोत, म्हणजे हाडातल्या मगजात, रोग दिसेनासा होईपर्यंत, जास्तीत जास्त ६० दिवस. आमचे डोस ३४ झाले. मग थोडी विश्रांती, आणि चार सायकली. आठवड्याचे पाच दिवस बाटली, असे चार आठवडे. मग चार आठवडे सुटी. म्हणजे आणखी ८० बाटल्या. एट्रा दोन आठवडे चालू, दोन आठवडे बंद, असं सात वेळा. कॅलेंडरवर दोन रंगांनी खुणा करा, डोक्यात राहत नाही. सणाला डे-केअर बंद असतं. आमची पहिली सायकल ऐन दिवाळीत आली. कोणते दिवस बंद आणि ते डोस कधी भरून काढणार, हे आधीच विचारून ठेवा.

रोज येऊन-जाऊन करायचं असेल तर हॉस्पिटलपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत खोली बघा, तळमजल्यावर. भाडं दोन हजार जास्त पडलं तरी रिक्षात ते निघतं. एकशे चौदा वेळा सुई म्हणजे शिरा उरत नाहीत. रक्त गोठणं सुधारलं की पिकलाईनबद्दल, म्हणजे दंडाच्या शिरेत घालून ठेवतात त्या बारीक नळीबद्दल, विचारा. पहिल्या आठवड्यात तिचा हट्ट नको, तेव्हा रक्त थांबत नसतं. पिकलाईनवर आंघोळीच्या वेळी आम्ही किराण्याची मोठी प्लास्टिक पिशवी कापून, चिकटपट्टीनं बांधायचो. लघवी-उलटीचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवायचे, संडासात दोनदा पाणी टाकायचं, हे वॉर्डातल्या सिस्टरांनी शिकवलं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठा. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळवून बघा. आमच्यात कार्डावर माहेरचं नाव निघालं आणि त्यात आठवडा गेला. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज वेगळा असतो. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टिअर एसीला पूर्ण सवलत आहे, सोबत्यालाही बरीच. हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. सुटीच्या आठवड्यात आम्ही सांगलीपर्यंत त्यावरच यायचो.

बोटांना मुंग्या आल्या तर लिहा, कुठल्या बोटांना तेही. यकृताचे आकडे, एसजीपीटी वगैरे, वाढतात. डॉक्टर एक-दोन आठवडे औषध थांबवतात आणि पुन्हा सुरू करतात. थांबवलं म्हणजे हातपाय गाळायचे नाहीत. आमचं तिसऱ्या सायकलला सहा दिवस थांबलं होतं, ऐन बेदाण्याच्या हंगामात. मी सौद्याला जाऊन आलो.

तपासणीत पीएमएल-राराचा आरटीपीसीआर निगेटिव्ह आला की खरा निकाल. तो कधी-कधी करायचा, हे तारखांसकट लिहून घ्या, कारण पेशंट ठणठणीत दिसायला लागला की घरातलेच टाळाटाळ करतात. हिचा पहिला निगेटिव्ह तिसऱ्या सायकलनंतर आला, शेवटची बाटली अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, २१ एप्रिलला सुटली. मागच्या महिन्यात दाढेसाठी दंतवैद्याकडं गेलो तेव्हा ती आत जायच्या आधी मीच पाकिटातली चिठ्ठी काढायला लागलो. ही म्हणाली, "अहो, आता साडेतीन वर्षं झाली." चिठ्ठी मी दिलीच. त्यांनी वाचली, आणि सूज उतरायला ॲझिथ्रोमायसिन लिहिणार होते, ते खोडून दुसरं लिहिलं. औषध कधीच थांबलंय, ईसीजीही व्यवस्थित आहे, त्यामुळं खोडायची गरज नव्हती असं आमच्या मॅडम नंतर फोनवर म्हणाल्या. असू दे.